सोमवारी शिट्टी होत नाही

९ नोव्हेंबर, रविवार. बरका.
सु.चा व्हिसा आला. एक महिन्याचा. तिकीट १९ डिसेंबरचं. अकरा वर्षांनी बायको ओमानला येणार. अल हैलच्या सावंतला फोन केला तर म्हणाला, "वा शेठ, दुसरा मधुचंद्र!" मी हसलो. जरा जास्तच जोरात हसलो, म्हणजे त्याने पुढे काही विचारू नये.

मे महिन्यात गावी जे झालं, म्हणजे झालं नाही, ते इथे लिहून टाकतो. दुसरीकडे कुठे बोलणार? चौदा महिन्यांनी घरी गेलो होतो. ती कूस बदलून म्हणाली, "दमला असाल." मी म्हटलं, "हो, प्रवास."
प्रवासाला तेव्हा नऊ दिवस झाले होते.

वय अठ्ठावन्न. हातात चाळीस दिवस.

१० नोव्हें., सोमवार
सुका मेवा, मसाले, मध, लोबान असं माझं दुकान. बत्तीस वर्षांपूर्वी एसीवाल्याचा हेल्पर म्हणून आलो तेव्हा अरबी येत नव्हतं, हिंदी मोडकं. कानावरच शिकलो सगळं. माणूस दारातून आत येताना चप्पल कशी घासतो त्यावरून सांगतो मी, घेणार की नुसता बघणार.

ताकदीचं औषध मागणाराही कानाला कळतो. पेशावरचा ड्रायव्हर आधी हळद विचारतो. मल्याळी आधी वेलची. आपला रत्नागिरीकडचा आधी माझी तब्येत विचारतो. मग एक खोकला. तो खोकला सगळ्या मुलखांत एकच. "सेठ, वो... ताकत का कुछ है?" मी खालच्या फळीवरून घोड्याचं चित्र असलेलं पाकीट काढून वर्तमानपत्रात गुंडाळतो. कधी कुणाला हसलो नाही. धंद्याचा नियम.

आज दुपारी बंद करायच्या आधी ते पाकीट स्वतःसाठी काढलं. दुकानात चिटपाखरू नव्हतं. तरी खोकलो.

अकराला घरी फोन केला, रोजच्यासारखा. तिकडे साडेबारा. इतर दिवशी मागे कुकरची शिट्टी असते, आज नुसता पंखा. "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा." झालं.

११ नोव्हें.
पाकीट उघडलं नाही. आत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक नाही, म्हणून. वीस वर्षं दुसऱ्यांना दिलं तेव्हा हा विचार आला नव्हता.
त्यापेक्षा खाण्याने बघू. स्वतःच्या दुकानात औषधांचा डोंगर आहे. सकाळी भिजवलेले बदाम दहा, अक्रोड, अंजीर, खजूर सात, मध दोन चमचे, केशर दुधात. दुपारी कॅफेटेरियाचा परोटा-चिकन नेहमीचा. दिवसाला पाच करक, म्हणजे डब्यातल्या दुधाचे कडक चहा. त्याशिवाय दुकान चालत नाही.

१५ नोव्हें., शनिवार
चार दिवसांच्या खजूर-मधाने फक्त पँट घट्ट झाली.

अल हैलला दवाखान्यात गेलो. बरक्यात नको, बरक्यात सगळे ओळखतात. पाटीवर डॉ. किरण. म्हटलं, असेल कुणी पंजाबी, हिंदीत सांगून मोकळा होईन. गाडीत वाक्यंपण तयार केली. आत गेलो तर खुर्चीत आमच्या लेकीच्या, केतकीच्या वयाची मुलगी. फाईलवर आडनाव बघून म्हणाली, "या काका! बसा. बोला, काय होतंय?" पुण्याची.

मी म्हटलं, "गुडघा."
तिने गुडघा तपासला. माझा गुडघा एकदम ठणठणीत आहे.

रक्त मात्र काढून घेतलं तिने. "वय आहे काका, एकदा बघून घेऊ."

१७ नोव्हें., सोमवार
फोनवर पुन्हा नुसता पंखा. सोमवार असणार. उपास. विचारलं नाही.
खोलीत आल्यावर लक्षात आलं की दिवसभर गिऱ्हाईक सोडून कुणाशी बोललो नाही. टीव्ही लावला. कन्नड होता, तसाच राहू दिला.

२२ नोव्हें., शनिवार
रिपोर्ट. साखर हद्दीवर. चरबी हद्दीपलीकडे. बीपीची गोळी आहेच. डॉ.बाई म्हणाल्या, "गुडघा कसाय?"
"गुडघा बराय. गुडघा नव्हताच." खाली बघून सांगितलं सगळं. मराठीत ते शब्द मी आयुष्यात उच्चारले नव्हते. नाहीतच माझ्याकडे. "ते", "तसं", "मे महिन्यात" एवढ्यावर भागवलं. पोरगी हसली नाही, मान खाली घालून लिहीत राहिली. उपकार.

मग तिने सुनावलं. पाकिटाचं ऐकून चिडलीच. "त्यात काय मिसळलंय ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. तुमच्या गोळ्यांबरोबर गेलं तर हृदयावर बेतेल." खजूर तीन, मध चमचाभर पुरे, बदाम-अक्रोड मूठभर. चहा दोन, डब्यातलं दूध बंद. परोटा बंद. पालेभाजी, कडधान्य, मासे तळलेले नाहीत. रोज पाऊण तास चालायचं, नीट झोपायचं. "रक्त नीट फिरलं पाहिजे काका. हृदयाला चांगलं तेच याला चांगलं. जादू नाही. आणि बीपीची गोळी मनाने सोडू नका. तिच्यामुळे होत असेल तर मी बदलून देईन."

मी उठलो. तेवढ्यात म्हणाली, "काकू काय खातात?"
"म्हणजे?"
"पाळी गेल्यावर बायकांचंही शरीर बदलतं. थकवा, कोरडेपणा, झोप नाही, इच्छा जाते. त्यांना हवंय का, त्या जेवतात काय, झोपतात किती, विचारलंत कधी?"
गिऱ्हाईकाला मी उत्तराशिवाय कधी परत पाठवलेलं नाही. आज मीच तसा आलो.

२३ नोव्हें.
खालच्या फळीवरची सगळी पाकिटं कचऱ्यात. ज्याच्या नावावर दुकान आहे तो ओमानी मालक, अर्बाब, नेमका आलेला. "क्या फेंकता है?" म्हटलं, "एक्सपायर." खोटंही नाही म्हणा.

२७ नोव्हें., गुरुवार
पाच दिवस झाले, सकाळी समुद्रावर चालतो. अबू खमीस भेटतो तिथे. सत्तरीचा कोळी, होडी आता मुलं चालवतात. माझ्याकडून वेलची नेतो वीस वर्षं. हिंदी माझ्यापेक्षा साफ. आज त्याने मला दोन ताजे बांगडे दिले आणि विचारलं, "कौन पकाता है?"
"मैं।"
"कौन खाता है?"
"मैं।"
थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "तो क्या जल्दी है, सदीक? धीरे चल।" सदीक म्हणजे दोस्त.

बांगडे हळद-तिरफळ घालून शिजवले. तिरफळं सु.ने दिलेली, मेमधली. चांगले झाले होते. चांगलं झालं की जास्त वाईट वाटतं, सांगायला कोणी नसतं. एक बांगडा उरला.

१ डिसेंबर, सोमवार
अकराला फोन. पंखा.
"काय जेवलीस?"
बत्तीस वर्षांत हा प्रश्न मी केला नसावा. ती मला विचारते रोज.
"सोमवार ना आज."
"म्हणजे काय खाल्लंस?"
"चहा घेतला. केळं खाल्लं. दिवेलागणीला वरी करीन."
"कधीपासून करतेस हा सोमवार?"
"असं काय करता हो? तुम्ही गेलात तेव्हापासूनचा आहे. शंकराला बोलले होते, माणूस परत कायमचा घरी येईपर्यंत सोमवारी धान्याला शिवणार नाही."

मला वाटायचं नेहमीचा उपास, सगळ्या बायका करतात तसा. किती सोमवार झाले त्याचा हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.
"आणि गुरुवार?"
"तो केतकीच्या दहावीला धरला. शनिवार तुमचं बीपी निघालं तेव्हा. दोन्ही दिवशी दुपारी एकदाच जेवते. सुटले नाहीत मग." हसली. "ठेवू का? पोस्टमन आलाय."
पोस्टमन नव्हता. फाटकाची कडी वाजली असती.

५ डिसें., शुक्रवार
सावंत गावाहून परतला, लाडवांचा डबा घेऊन आला. दर वर्षी या दिवसांत कुणा ना कुणाबरोबर पाठवते सु. डिंक, मेथी, खारीक, बदाम. सावंतच्या घरी जेवलो. त्याची बायको त्याच्या ताटातला पापड न विचारता उचलून खात होती. बघत बसलो.

खोलीवर येऊन एक लाडू फोडला. आज का कोण जाणे, दुकानदाराच्या नजरेने बघितला. बदामाचा तुकडा जिभेवर फिरवला. ममरा. इराणी, ह्या वर्षीचा. असला आमच्या तालुक्याच्या बाजारात येत नाही. हा माझ्याच पोत्यातला. मीच मेमध्ये नेला होता, दोन किलो. अक्रोड माझे. केशर माझं.

केतकीला पुण्याला फोन लावला. "आई, मी पाठवतो तो मेवा खाते ना?"
"बाबा, तुम्हाला खरंच माहीत नाही? सगळं बरणीत भरून ठेवते. थंडी आली की लाडू वळून तुम्हाला. लहानपणी मी एक बदाम उचलला तर हातावर फटका. 'बाबा तिकडे एकटे आहेत, हाताने करून खातात.'"
"आणि ती काय खाते?"
"दुपारी एकदा कुकर लावते, बाकी चहा-चपाती. एकटीसाठी कुठे घाट घालायचा म्हणते."

म्हणजे माझेच बदाम गावी जाऊन, तिच्या हातून वळून, परत माझ्याकडे. इतकी वर्षं. एक दाणा वाटेत गळला नाही. आणि मी बरक्यातला बदामाचा जाणकार.
लाडू अर्धा तसाच ठेवला. मुंग्या आल्या सकाळपर्यंत.

१० डिसें.
पोट पट्ट्याचं एक भोक आत गेलं. झोप लागते. आज पहाटे जाग आली तर शरीर जागं होतं, पुष्कळ दिवसांनी, अगदी तरुणासारखं नाही, पण ओळख देण्याइतकं. आधी आनंद झाला. मग छताकडे बघत पडून राहिलो. मी चाळीस दिवस खाऊन-पिऊन पैलवान होऊन बसणार, आणि ती आठवड्यातून तीन दिवस अर्धपोटी. तिच्यात इच्छा कुठून येणार? मे महिन्यात मला वाटलं तिने मला सांभाळून घेतलं. कदाचित तीच दमली होती.

१९ डिसें., शुक्रवार
आली.
विमानतळावर गर्दीत तिच्या बांगड्या आधी ऐकू आल्या, मग ती दिसली. मनगट एवढंसं झालंय. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. मी गाडीचं पुढचं दार उघडून उभा, ती मागचं उघडून मागे बसली.
"अगं, पुढे ये. ड्रायव्हर कोणी नाही, मीच आहे."
"अय्या, हो की!" पण उतरली नाही. पूर्ण रस्ता आरशात बघून बोललो.

२० डिसें., शनिवार
उपास. शनिवार. डाळिंब सोलून ठेवलं. तिने ते वाटीत भरून माझ्यापुढे ठेवलं.
मी माझं अर्धं तिच्या पुढे. तिने ते फ्रीजमध्ये. "उद्या खाईन." म्हणजे उद्या मला देणार.

२२ डिसें., सोमवार
चिडलो आज. चिडायचं नव्हतं.
सुरमईचं कालवण मीच केलं होतं, विसरून. सोमवार माझ्या डोक्यातच नव्हता. ती भात वाढून बाजूला बसली, वारा घालत. इथे एसी चालू, आणि ही हाताने वारा घालतेय.
"बस, जेव. माणूस आता समोर बसलाय ना तुझ्या? झालं पूर्ण."
"समोर बसलाय, घरी कुठे आलाय?"
"मग उद्यापन कधी?"
"ते तुम्ही सांगायचं. 'अजून दोन वर्षं' हे मी सोळा वेळा ऐकलं. देवालापण पाठ झालं असेल."
रागाने नाही बोलली. वाटाणे सोलताना बोलावं तसं. त्यामुळे जास्त लागलं. कालवणाला चव नव्हती की मला, कळलं नाही.

२५ डिसें.
कालपासून चालायला येते. वाळूत चप्पल हातात घेऊन. अबू खमीसने तिला बघून छातीवर हात ठेवला, मला म्हणाला, "अब जल्दी चल।" ती म्हणे, "काय म्हणाला?" मी म्हटलं, "हवा चांगली आहे म्हणाला." तिने माझ्याकडे बघितलं. हिंदी येतं तिला.
आज गुरुवार. परत येऊन भिजवलेल्या बदामांची सालं काढून दिली. चार खाल्ले! म्हणे बदाम उपासाला चालतात. मग इतकी वर्षं? "चालतात हो. पण ते तुमचे होते."

२९ डिसें., सोमवार
दोघं डॉ. किरणकडे. ती आत चाळीस मिनिटं, मी बाहेर. माझे कान असे, की भिंतीपलीकडचं कळतं. काही ऐकू आलं नाही. एकदा फक्त सु. हसली. तोंडावर पदर न घेता. हे हसणं मी लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकलं होतं, न्हाणीघरात पाल पडली तेव्हा.

येताना गाडीत पुढे बसली. आपणहून. मग खिडकीकडे बघत, "मला वाटलं होतं माझं ते सगळं संपलंच. अंगाची नुसती आग व्हायची, झोप नाही. कुणाला सांगणार? म्हटलं, तुम्ही इथे नाही ते एक बरंच आहे."
मी गिअर बदलला. दुसरं काय करणार?
"लोह फार कमी आहे म्हणाली. डाळी, पालेभाज्या, मासे, तीळ, दही. मलमपण दिलंय काही तरी." थांबून, "आणि उपासाचं म्हणाली, देवाला विचारून कमी करा."
"मग? विचारलंस?"
"देव काय म्हणेल? तो म्हणेल, आधी नवऱ्याला विचार."

३ जानेवारी, शनिवार
काल शुक्रवार, दुपार. दुकान बंद. ताज्या मेथीची भाजी, मुगाची आमटी, दोघं एकदम जेवलो, तिने माझ्या ताटातला कांदा उचलला.
पुढचं लिहीत नाही. इतकंच, की काही सिद्ध करायचं नव्हतं, झालंही नाही, आणि कोणी दमलो असं म्हटलं नाही. हात हातात होता. तिचा हात गरम होता. संध्याकाळी उठलो तर तिने माझी चादर ओढून घेतली होती.
आजचा शनिवार तिने सोडला. म्हणाली, बीपी आटोक्यात आहे ना तुमचं, मग तो फिटला. गुरुवारही फिटला म्हणे, केतकी पास होऊन किती वर्षं झाली.
सोमवारबद्दल ती बोलली नाही. मीही नाही.

८ जाने.
१७ ला परत जाणार. आजपासून घर मोठं वाटायला लागलंय, ती असतानाच. बॅग अजून कपाटावर आहे, पण ती तिकडे बघते, मला कळतं.
बत्तीस वर्षांत हात चालवून सगळं मिळवलं. एक "चला, बस झालं" म्हणायला जीभ वळत नाही. दुकान नसेल तर मी कोण? तिकडे गावात मला फक्त सुट्टीवर आलेला म्हणून ओळखतात. सकाळी उठून करू काय? हे तिला सांगितलं नाही. ऐकून ती म्हणेल, नका येऊ मग. आणि खरंच म्हणेल.

११ जाने., रविवार
अर्बाबशी बोललो. पहिल्यांदा. म्हटलं, दुकान दुसऱ्या कुणाला लावून दे, मला घरी जायचंय. त्याने कहवा ओतला. "बीमार है?" "नहीं।" "झगडा?" "नहीं। भूख लगती है।" तो हसला, त्याला वाटलं गंमत. "रमजान के बाद बात करेंगे, इन्शाल्ला।"
संध्याकाळी सु.ला जसंच्या तसं सांगितलं. तारीख नाही, वचन नाही, नुसतं बोललो एवढंच. तीळ भाजत होती. ढवळायचा हात थांबला, मग सुरू झाला.

१२ जाने., सोमवार
सकाळी बदाम भिजवलेले होते, तिने सोलून दोन वाट्यांत पाच-पाच ठेवले. चालून आलो. ती अंघोळ करून देवापुढे बराच वेळ उभी होती. ओठ हलत होते, आवाज नाही.
दुकान उघडायला गेलो नाही. गिऱ्हाईक फोन करतायत. खोलीत बसून हे लिहितोय, दार अर्धवट उघडं.

स्वयंपाकघरात डबा उघडल्याचा आवाज. तांदूळ. धुतले. एकदा, दोनदा. डाळीचा डबा. कुकरचं झाकण बसलं. गॅस.
आवाजावरून मी पाऊस किती मिलिमीटर पडला ते सांगेन, गिऱ्हाईकाच्या खिशात काय आहे ते सांगेन.
अकरा वाजले. माझी रोजची फोनची वेळ.
शिट्टी झाली.
एकाचा भात की दोघांचा, शिट्टीवरून कळत नाही. ती हाक मारतेय, "दोन ताटं घ्या."